टीव्हीसमोरच्या झुंजीची बाजू

घरात पीएस5, म्हणजे प्लेस्टेशन 5 हा गेमचा कन्सोल, आणला की शनिवार पेठेतल्या कुठल्याही इमारतीत जिन्यात थांबवून सुनावणारं कुणीतरी भेटतंच. पोराच्या हातात जुगार दिलात. मारामारी शिकवताय. पन्नास हजार पाण्यात घातलेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाल्यापासून तर या बोलण्याला धार आली आहे. ‘आता सरकारनेच बंदी आणली, ते खोकं बंद करा,’ असं मला सांगणारे काका आमच्याच मजल्यावर राहतात. माणूस कळकळीचा आहे; पेठेतल्या कितीतरी मुलांना त्यांनी पैसे न घेता गणित शिकवलंय. त्यांचं बोलणं हसून टाळणं मला पटत नाही. त्यांना आणि त्यांच्यासारखं वाटणाऱ्या सगळ्यांना हे सविस्तर उत्तर.

आधी कायद्याचं बघू, कारण बाकीचे आरोप त्याच्या आडून होतात. लोकसभेने ते विधेयक 20 ऑगस्टला मंजूर केलं, राज्यसभेने 21 ला, आणि 22 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ एकीकडे ठेवले आहेत, ई-स्पोर्ट्स दुसरीकडे, आणि निव्वळ करमणुकीचे किंवा शिकण्याचे खेळ तिसरीकडे. बंदी आहे ती पहिल्यावर. ई-स्पोर्ट्सला याच कायद्याने मान्यता दिली आहे आणि ते वाढवण्याचं काम सरकारकडे सोपवलं आहे. रमीच्या ॲपपायी घरं बुडाली हे मला ठाऊक आहे आणि ती बंदी मला हवीच होती. पण ती माझ्या टीव्हीखालच्या कन्सोलवर आली, असं म्हणणाऱ्याने कायदा वाचलेला नाही, एवढंच मी म्हणेन.

जुगार म्हणजे काय? आपण पैसा लावायचा आणि निकाल पानांवर, फाशांवर सोडून द्यायचा. मी खेळतो त्या फायटिंग गेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या दोघांच्या झुंजीत, पानं पिसली जात नाहीत. दोघांच्या डोक्यावर आयुष्याची पट्टी भरलेली असते, बहुतेक गेममध्ये मध्यभागी घड्याळ 99 वरून खाली येत असतं, आणि दोघांमध्ये फक्त रिकामी जागा असते. अपवाद आहेत: ‘गिल्टी गिअर’मधला फाउस्ट पोतडीतून काय बाहेर काढेल ते त्यालाही आधी ठाऊक नसतं. पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. पुष्कळशा मोबाइल गेममध्ये कुणाला कुठली बंदूक सापडली यावर डाव फिरतो. इथे हरलात तर समोरचा तुमच्यापेक्षा बरा खेळला, दुसरं कारण शोधायला जागाच राहत नाही. मला हा खेळ आवडतो तो याच कठोरपणासाठी.

आत काय चालतं हे बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही, ही खरी अडचण आहे. बघणाऱ्याला बटणं बडवणं दिसतं. या गेममध्ये चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं आणि त्या एकेका चित्राला खेळाडू फ्रेम म्हणतात. एक फ्रेम म्हणजे सुमारे 17 मिलिसेकंद. ‘टेकेन’मधला सर्वांत जलद साधा ठोसा साधारण 10 फ्रेममध्ये बसतो, ‘स्ट्रीट फायटर 6’मधला 4 फ्रेममध्ये. माणसाच्या डोळ्याने पाहायचं आणि बोटाने बटण दाबायचं, यालाच 12 ते 15 फ्रेम लागतात. म्हणजे ठोसा पाहून अडवणं कुणालाच शक्य नाही. तो यायच्या आधी ओळखावा लागतो. जो नुसता अडवत बसतो त्याला थ्रो करून आपटता येतं. थ्रोसाठी जवळ येणाऱ्याला ठोसा बसतो. ठोशांची घाई करणाऱ्याला अडवून परतफेड करता येते. प्रत्येक चालीला उतारा आहे आणि त्या उताऱ्यालाही उतारा आहे, त्यामुळे शेवटी समोरच्या माणसाची सवय वाचणं एवढंच उरतं. तो घाबरला की काय करतो? जिंकत असताना काय करतो? सलग दोनदा फसल्यावर तिसऱ्यांदा तेच करतो का?

माझी आई सत्तरीकडे झुकलेली. तिने कंट्रोलर कधी हातात घेतलेला नाही. मी आणि पुतण्या खेळत असताना ती भाजी निवडत मागे बसते. एकदा पुतण्याकडून मी लागोपाठ हरत होतो, तर ती म्हणाली, ‘अरे, तो उडी मारल्याशिवाय पुढे येतच नाही. तू खालून का मारत नाहीस?’ तिने खेळ बरोबर वाचला होता. ज्याला बटणं बडवणं म्हणतात, त्यात एका आजीला नातवाचा स्वभाव दिसला. पुतण्याने त्यानंतर उड्या कमी केल्या, आणि मला नव्याने डोकं चालवावं लागलं.

पेठेला हे समजायला जड जाऊ नये. ज्या शहरात गल्लीगल्लीत तालमी होत्या, तिथल्या माणसाला डाव, प्रतिडाव आणि रोजचा सराव म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तालमीत जोडीदार लागतो, हरवणारा वस्ताद लागतो, आणि हरल्यावर माती झटकून पुन्हा उभं राहावं लागतं. फायटिंग गेमला यातलं सगळं लागतं. शरीराची मेहनत मात्र लागत नाही, आणि तो फरक मोठा आहे. कुणी गेमच्या जोरावर व्यायाम सोडला तर मी काकांच्या बाजूने उभा राहीन. पण बुद्धिबळाच्या पटावर बसलेल्या मुलाला आपण ‘मैदानावर जा’ म्हणून उठवत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये महिला बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला तेव्हा तिने बसून वेळ घालवला असं कुणाच्या मनातही आलं नाही, ते योग्यच झालं. मग न्यायाची तीच फूटपट्टी इथे का लागू नये?

खेळाला उशिरा मान मिळण्याचा अनुभव पुण्याला जुना आहे. इंग्रज अधिकारी इथल्या छावणीत फूल आणि रॅकेट घेऊन खेळायचे, त्या खेळाचे नियम 1873 च्या सुमारास पुण्यातच लिहिले गेले आणि तो काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जायचा. त्याला आज आपण बॅडमिंटन म्हणतो. तो ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ झाला 1992 साली. खेळाला मान मिळायला वेळ लागतो, आणि तो मिळेपर्यंत खेळणाऱ्यांना रिकामटेकडे ठरवलं जातं.

आता मारामारी. हा आरोप मला सर्वांत उथळ वाटतो, आणि शनिवार पेठेत राहून तो करणं तर फारच अवघड आहे. शाळेच्या सहली शनिवारवाड्यावर येतात तेव्हा मुलांना आपण आवर्जून नारायण दरवाजा दाखवतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी अठरा वर्षांच्या नारायणरावाला गारद्यांनी कसं मारलं ते सांगतो, काकाला मारलेली हाक सांगतो, आणि मुलं डोळे विस्फारून ऐकतात. गणपतीतल्या जिवंत देखाव्यांमध्ये अफझलखानाचा वध होतो तेव्हा पहिल्या रांगेत लहान पोरंच बसलेली असतात. त्यांना गोष्ट आणि आज्ञा यातला फरक कळतो यावर आपला विश्वास असतो, म्हणून तर आपण त्यांना पुढे बसवतो. तो विश्वास पडद्यावरच्या दोन पैलवानांसमोर एकदम कुठे जातो?

वय पाहूनच गेम द्यावी, यात वाद नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ 1992 मध्ये आला, त्यातल्या रक्तपातावरून पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि 1994 पासून तिथे गेमच्या डब्यांवर वयाची खूण छापली जाऊ लागली. त्या पद्धतीत मॉर्टल कॉम्बॅट सतरा वर्षांवरच्यांसाठी आहे. स्ट्रीट फायटर 6 आणि टेकेन 8 किशोरवयीनांसाठी. डब्यावर छापलेलं वाचायला पालकाला अर्धं मिनिट लागतं. माझा पुतण्या तेरा वर्षांचा आहे आणि आमच्या घरी मॉर्टल कॉम्बॅट नाही.

व्यसनाचं मात्र असं झटकून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार नोंदवला आहे: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही तो न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं. हा आजार खरा आहे आणि ज्या घरात तो शिरला त्या आईवडिलांची काळजी खरी आहे. पण मुलांना बांधून ठेवण्याचं काम कुठली यंत्रणा करते ते नीट बघा. रोज हजेरी लावली तर बक्षीस, नाही लावली तर साखळी तुटली. रात्री अकराला फोनवर सूचना. दर मिनिटाला जाहिरात. हे सगळं फुकट म्हणून मिळणाऱ्या मोबाइल गेममध्ये असतं, आणि तो फोन काका आपल्या नातवाच्या हातात जेवताना स्वतः देतात, कारण त्याने पोरगं गप्प बसतं. फोन छोटा आहे, पांघरुणात मावतो, आत काय चाललंय ते दुसऱ्याला दिसत नाही.

कन्सोल हॉलमध्ये असतो. चाळीस इंचांच्या पडद्यावर काय चाललंय ते स्वयंपाकघरातूनही दिसतं. पीएस5 वर पालक वेळेची मर्यादा लावू शकतात, वयापुढच्या गेम बंद करू शकतात, महिन्याला किती पैसे खर्च होतील तेही ठरवू शकतात. आणि फायटिंग गेमची फेरी संपते. निकाल लागतो, हरलेला कंट्रोलर पुढच्याला देतो. पुढच्या फेरीचा मोह होतोच, मला रोज होतो. पण उठायची जागा या खेळातच आहे. मोबाइलवरच्या कित्येक गेम ती जागा ठरवून काढून टाकतात. काळजी करायची तर ती तिथे करा.

पैशांचं थोडक्यात सांगतो. भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला पीएस5 आला तेव्हा डिस्कवाला 49,990 रुपयांचा होता. पुढे किंमत वाढली. रक्कम लहान नाही आणि ज्याच्याकडे नाही त्याने कर्ज काढून घेऊ नये. पण कन्सोल सहज सात वर्षं चालतो. पंचावन्न हजार धरले तर महिन्याला साडेसहाशे रुपये पडतात, आणि घरातले चौघं खेळतात. माझा सल्ला विचाराल तर डिस्क चालणाराच घ्या. डिस्क मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते. डाउनलोड केलेली गेम तुमच्या खात्यावर अडकून राहते.

माझी खरी हळहळ वेगळी आहे. माझ्या लहानपणी पुण्यातही नाण्यांवर चालणाऱ्या मशिनी होत्या. ‘मुस्तफा’ आणि ‘किंग ऑफ फायटर्स 97’ यांच्याभोवती पोरांचा गराडा असायचा. पुढे तासावर प्लेस्टेशन देणारी पार्लरं आली आणि तिथे टेकेन 3 शिवाय दुसरं काही चालत नव्हतं. अनोळखी मुलगा शेजारी बसायचा, तुम्हाला हरवायचा, आणि जाताना तो डाव कसा टाकला ते दाखवून जायचा. घरच्यांच्या लेखी ती उनाडांची जागा होती. पार्लरात दिसलो म्हणून मार खाल्लेले माझ्या पिढीत थोडे नाहीत.

लाहोरमध्येही अशीच पार्लरं होती. तिथे वाढलेला अर्सलान ॲश हा मुलगा फेब्रुवारी 2019 मध्ये व्हिसाच्या आणि विमानांच्या अडचणींतून कसाबसा जपानला पोहोचला आणि फुकुओकाची ईव्हो ही फायटिंग गेमची स्पर्धा टेकेनमध्ये जिंकून आला. कुणी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्याने तिथेच सांगितलं की पाकिस्तानात माझ्या तोडीचे आणखी आहेत, आणि ते खरं निघालं: पुढे टेकेन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा आतिफ बटने जिंकली. अर्सलानने लास व्हेगसची ईव्हो 2019 मध्ये घेतली, मग 2023, 2024 आणि 2025 अशी ओळीने तीन वर्षं. वीज जाते, पैसे कमी, व्हिसा मिळत नाही, या तक्रारी आपण करतो त्या सगळ्या तिथेही आहेत. तिथे शेजारी बसून हरवणारा माणूस होता. आपल्याकडे तो पार्लरासकट हुसकावला गेला असं माझं ठाम मत आहे, आणि घरातला कन्सोल ही त्याला परत बोलावण्याची जागा आहे.

वयाचा मुद्दा काढणाऱ्यांनी हांगझोऊ आठवावं. 2023 मध्ये तिथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सना पहिल्यांदा पदकं होती. स्ट्रीट फायटर 5 चं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूने जिंकलं, तेव्हा तो 44 वर्षांचा होता. भारताचे दोन खेळाडू त्या गेममध्ये उतरले होते. ‘हे वय आहे का गेम खेळायचं?’ हा प्रश्न मला पेठेत आठवड्याला एकदा तरी ऐकावा लागतो. माझं उत्तर किम आहे.

आणि आता जिची मी मनापासून वाट पाहतोय ती गेम. ‘मार्व्हल टोकोन: फायटिंग सोल्स’ 2026 मध्ये पीएस5 आणि पीसीवर येते आहे. बनवणारी कंपनी जपानची आर्क सिस्टम वर्क्स, म्हणजे गिल्टी गिअर आणि ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’ची. चौघांचा संघ विरुद्ध चौघांचा संघ. इथे माझं भांडण शेजाऱ्यांशी नाही, खेळणाऱ्या मित्रांशी आहे. सोप्या बटणांनी जोरदार डाव पडणार म्हणून ते आत्तापासून नाकं मुरडताहेत. एका बटणावर कॉम्बो, म्हणजे ठोशांची सलग मालिका, निघाला तर आमच्या मेहनतीचं काय, असा त्यांचा सवाल.

मेहनत बोटांची की डोक्याची, हे आधी ठरवा. स्ट्रीट फायटर 6 ने 2023 मध्ये सोपी बटणं दिली तेव्हाही हीच ओरड होती. झालं काय? नवे लोक आले आणि त्यातले पुष्कळ टिकले. सोप्या बटणाने ठोसा मारता येतो, तो कधी मारायचा ते बटण सांगत नाही. माझ्या आईने उडी ओळखली ती कुठलाही कॉम्बो पाठ न करता. दार रुंद केल्याने तालीम बाटत नाही. ज्यांना आपला खेळ वाढावा असं वाटतं त्यांनी नवशिक्याला पहिल्याच दिवशी बोटांच्या कसरतीवरून परत पाठवणं बंद करावं.

कंपन्यांवर मात्र नजर ठेवायला हवी. स्ट्रीट फायटर 6 सुरुवातीला 18 पात्रांसह आला, टेकेन 8 आला 32 पात्रांसह, आणि नंतरची पात्रं दरवर्षी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागतात. टेकेन 8 ने तर पूर्ण किंमत घेतल्यावर आत दुकान थाटलं, तेव्हा लोक चिडले आणि त्यांचं बरोबर होतं. टोकोनने हेच केलं तर मी ती गेम वाखाणणार नाही, कितीही देखणी असली तरी.

टोकोनच्या पहिल्या घोषणेतच कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल दिसली, याचा मला विशेष आनंद आहे. 1991 मध्ये स्ट्रीट फायटर 2 मध्ये भारताचा म्हणून धालसिम आला: गळ्यात कवट्या, तोंडातून जाळ, हातपाय लांबच लांब ताणलेले. आम्ही तो हौसेने खेळलो, पण तो आपल्यातला कुणीच नव्हता. कमलाचेही हात लांबतात. पण ती न्यू जर्सीत राहते, तिच्या घरचे मूळचे कराचीचे, आणि ती घरात आईशी वाद घालते. माझ्या पुतणीला ती निवडताना काही समजावून सांगावं लागणार नाही.

हे सगळं परदेशी आहे, असं म्हणून मोकळे होणाऱ्यांनी आपलंच शहर पाहावं. युबिसॉफ्टचा पुण्यात 2008 पासून स्टुडिओ आहे. ‘इंडस’ बनवणारी सुपरगेमिंग पुण्याची. नॉडिंग हेड्स या पुण्याच्याच छोट्या चमूने बनवलेली ‘राजी’ ऑगस्ट 2020 मध्ये आली आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात तिला नामांकन मिळालं. ती सर्वप्रथम निन्टेन्डो स्विचवर आली, आणि स्विच तर भारतात कंपनीकडून अधिकृतपणे विकलाच जात नाही. पुण्यात तयार झालेली गेम पुण्याच्या पोरांना सुरुवातीला बाहेरून आणलेल्या यंत्रावर खेळावी लागली. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं, ते चांगलंच झालं. पण गेम बनवणारी पोरं आधी गेम खेळलेली असतात, आणि ती घरी खेळतात.

2026 च्या आशियाई स्पर्धा 19 सप्टेंबरला जपानमधल्या आइची-नागोयात सुरू होतील. स्ट्रीट फायटर 6, टेकेन 8 आणि किंग ऑफ फायटर्स 15 यांची झुंज तिथे पदकासाठी आहे. आपला गणपती 14 सप्टेंबरला बसतो आणि 25 ला अनंत चतुर्दशी आहे. पेठेतली मंडळं दरवर्षी कॅरम आणि बुद्धिबळाच्या स्पर्धा घेतात. यंदा मांडवात एक टीव्ही, एक कन्सोल आणि दोन कंट्रोलर ठेवा, वयाला साजेशी गेम लावा, प्रवेश फुकट ठेवा आणि आई-आजोबांनाही खुर्ची द्या. कन्सोल मी देतो. काका, पहिली फेरी तुमची आणि माझी.